बाकी पुढे मोजायची असते

त्रेसष्ट रुपयांचं सामान झालं आणि गिऱ्हाइकाने शंभराची नोट पुढे केली, तर मुरलेला किराणा दुकानदार वजाबाकी करत बसत नाही. नोट लगेच गल्ल्यात न टाकता तो ती समोरच, एखाद्या वजनाखाली दाबून ठेवतो. दोनचं नाणं सरकवत म्हणतो ‘पासष्ट’, पाचचं ठेवून ‘सत्तर’, दहाची नोट ठेवून ‘ऐंशी’, विसाची ठेवून ‘शंभर’. मग तुमची नोट गल्ल्यात जाते. या सगळ्यात सदतीस हा आकडा कोणाच्याही तोंडून निघालेला नसतो. तरी सदतीस रुपये तुमच्या हातात आलेले असतात आणि ते बरोबर आहेत याची दोघांचीही एकाच वेळी खातरजमा झालेली असते.

हेच गणित तिसरीच्या वहीत कसं होतं ते पाहा. वर शंभर, खाली त्रेसष्ट, मध्ये आडवी रेघ. शून्यातून तीन जात नाहीत म्हणून शेजारच्या घरी जायचं. तिथेही शून्य, म्हणून त्याच्याही पुढच्या घरी. शतक मोडून दहा दशक आणायचे, त्यातला एक मोडून दहा एकक करायचे, दशकाच्या डोक्यावर बारीक अक्षरात नऊ लिहायचे आणि मग उजवीकडून वजा करत यायचं. वाटेत लागोपाठ दोन शून्यं असलेली वजाबाकी मुलांना सगळ्यात जड जाते, हे कुठल्याही प्राथमिक शिक्षकाला विचारा. कोणी दशक मोडल्याचं विसरतं आणि सत्तेचाळीस लिहितं. कोणी ‘शून्यातून तीन जात नाहीत तर तिनातून शून्य जाऊ दे’ असा सोयीचा मार्ग काढून एकशे त्रेसष्ट लिहितं. शंभरातून त्रेसष्ट गेले आणि एकशे त्रेसष्ट उरले, याचं त्या मुलाला काहीच वाटत नाही, कारण वहीतले शंभर हे कोणाचेच शंभर नसतात. त्याच मुलाला दुकानात शंभर देऊन एकशे त्रेसष्ट परत मिळाले, तर ते आधी दुकानदाराकडे आणि मग दाराकडे बघेल.

मुलांना पैसे मोजायला आणि बाकी परत द्यायला शिकवणं हा विषय आपण ‘व्यवहारज्ञान’ नावाच्या कोपऱ्यात टाकला आहे. पुस्तकात नाण्यांची चित्रं असलेलं एखादं प्रकरण येतं, मुलं ती रंगवतात, पुढच्या आठवड्यात घड्याळ सुरू होतं. माझं म्हणणं असं की हा गणिताच्या गाभ्याचा भाग आहे. दुकानदाराची पुढे मोजण्याची रीत वर्गात यायला हवी, फळ्यावर यायला हवी आणि परीक्षेत तिला पूर्ण गुण मिळायला हवेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आता रोख वापरतं कोण? यूपीआय २०१६ साली आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि आज चहाच्या टपरीपासून भाजीच्या गाडीपर्यंत सगळीकडे चौकोनी कोड लटकतो. आई फोन पुढे धरते, टपरीवरची डबी मोठ्याने रक्कम सांगते, झालं. बारा रुपये म्हणजे बाराच जातात. बाकी नावाची गोष्टच उरत नाही. मग जी गोष्ट उरलेली नाही ती कशाला शिकवायची?

मला हा आक्षेप उलटा वाटतो. बाकी व्यवहारात होती तोवर ती मुद्दाम शिकवायची गरज नव्हती. कोथिंबीर आणायला धाडलेलं पोर चार खेपांत आपोआप शिकत होतं आणि श्रेय शाळेला मिळत होतं. ती फुकटची शिकवणी बंद पडली. शहरातल्या आठ वर्षांच्या मुलाच्या लेखी पैसे देणं म्हणजे एक आवाज. तो दहाचा आणि हजाराचा सारखाच येतो. पैसा हाताला लागत नाही, जड होत नाही, संपत आल्याचं दिसत नाही. अशा वेळी गुरुजींनी आणि आईबापांनी हे काम जाणूनबुजून अंगावर घेतलं नाही, तर ते कोणीच करणार नाही.

नाणी-नोटांतून मूल नेमकं काय शिकतं, तेही नीट बघायला हवं. पाच वर्षांच्या मुलाच्या हातातली दहाची नोट घ्या आणि बदल्यात रुपयाची तीन नाणी द्या. बहुतेक वेळा ते खूश होईल. एकाच्या जागी तीन आले! आपण हसतो, पण ते मूल मूर्ख नाही. ते वस्तू मोजतंय, आणि आजवर त्याला तेवढंच शिकवलेलं आहे. दहा काड्यांचा गठ्ठा बांधला की त्यातल्या दहा काड्या डोळ्यांना दिसतात. नोटेत दहा रुपये दिसत नाहीत. तिथे ‘हा एक म्हणजे दहा’ हे मनाने मान्य करावं लागतं. स्थानिक किमतीचं सगळं मर्म या मान्य करण्यात आहे: ३७ मधला तीन दिसायला तीन, असायला तीस. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी काड्या आणि मणी, मग पैसे. बालवाडीतच नोटा हातात देऊन ‘हे किती?’ विचारणारे उत्साही पालक एक पायरी गाळतात. आणि पहिली-दुसरीत पैसे बाजूला ठेवून थेट ‘एकक-दशक’ची घरं आखणारी शाळा दुसरी पायरी गाळते.

आपल्या चलनाची रचनाही या कामाला फार सोयीची आहे. एक, दोन, पाच; दहा, वीस, पन्नास; शंभर, दोनशे, पाचशे. तीच साखळी दर वेळी दहापटीने वर चढते. एक ते नऊमधली कुठलीही रक्कम जास्तीत जास्त तीन नाण्यांत देता येते, हे मुलांना सांगू नका, शोधू द्या. आठ म्हणजे पाच-दोन-एक, नऊ म्हणजे पाच-दोन-दोन. दुसरीतल्या मुलांपुढे वाटीभर नाणी ओतून ‘कमीत कमी नाण्यांत नऊ द्या’ म्हटलं की एखादं नऊ सुटे रुपये मोजायला बसतं, शेजारचं त्याच्या हातावर चापट मारून पाचचं नाणं उचलतं. मग विचारायचं: नऊला तीन नाणी लागली, तर नव्वदला नोटा किती लागतील? नऊशेला? ज्याला हे लागोपाठ दिसलं, त्याला दशमान पद्धत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आजोबांच्या पिढीला ही सोय नव्हती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे होते. सगळा कारभार निम्म्या-निम्म्याने उतरत जाणारा: अधेली आठ आण्यांची, पावली चार आण्यांची, चवली दोन आण्यांची. म्हणूनच तेव्हा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. त्या पाढ्यांच्या आठवणीने गहिवरणारे लेख आजही छापून येतात. मला तो गहिवर फारसा पटत नाही. ते पाढे त्या नाण्यांसाठी आणि त्या मापांसाठी होते. नाणी गेली, पाढेही गेले. त्यात रडण्यासारखं काही नाही. रडावं असं वाटतं ते याचं, की त्या शाळेने आपल्या काळातला बाजार ओळखून पाढे नेमले होते, आणि आजच्या शाळेला बाजाराचं सोयरसुतक नाही.

बाजारात हिशेब शिकलेल्या मुलांवर गाजलेला एक अभ्यास ब्राझीलमधल्या रेसिफी शहरातला आहे. तेरेझिन्या न्युनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन यांनी तो १९८५ साली प्रसिद्ध केला. रस्त्यावर माल विकणारी पाचच मुलं होती, नऊ ते पंधरा वर्षांची. गिऱ्हाईक बनून गेलेल्या संशोधकांनी विचारलेले हिशेब त्यांनी सुमारे ९८ टक्के बरोबर केले. तेच आकडे नंतर कागदावर नुसती गणितं म्हणून दिले, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. पस्तिसाचा एक, असे दहा नारळ कितीला, असं विचारल्यावर एक मुलगा तीन नारळांचे एकशे पाच धरून निघाला, आणखी तीन, आणखी तीन, वर एक, असं करत साडेतीनशेवर पोचला. दहाने गुणताना पुढे शून्य द्यायचं हे शाळेने शिकवलेलं त्याच्या कामी आलं नाही. पण उत्तर बरोबर आलं.

पाच मुलांवरून काय सिद्ध होतं, असं कोणी म्हणेल. त्याला उत्तर आपल्याच देशातून मिळालं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १४३६ मुलांची पाहणी केली. ती २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आली. जवळपास सगळी मुलं गाड्यावर उभ्याउभ्या अवघड हिशेब तोंडी करत होती. त्याहून सोपी गणितं शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडली की अडत होती. उलट बाजूला, बाजाराचा अनुभव नसलेली शेजारच्या शाळांतली ४७१ मुलं होती. कागदावरची साधी गणितं त्यांना जास्त चांगली जमत होती. पण विक्रीचा जो हिशेब एक तृतीयांशाहून जास्त कामकरी मुलांनी सोडवला, तो यांच्यातल्या एक टक्का मुलांना जमला.

या निष्कर्षाची एकच बाजू उचलून ‘बाजार हीच खरी शाळा’ असं म्हणणाऱ्यांपासून सावध राहायला हवं. भाजीच्या गाड्यावर दिवस काढणाऱ्या मुलीला शाळेचं गणित आलं नाही, तर दहावीची परीक्षा, पुढचं शिक्षण, नोकरी ही सगळी दारं तिच्यापुढे बंद होतात. तिच्या तोंडी हिशेबाचं कौतुक करून आपण मोकळे होतो, ती गाड्यावरच राहते. आणि मराठी शाळेत पहिला नंबर काढणारा मुलगा सत्तावीस रुपयांच्या तीन वस्तू घेऊन शंभराची नोट दिल्यावर किती परत यायला हवेत, हे सांगताना कागद शोधतो, तोही अडाणीच. दोन्ही ज्ञानं एकाच डोक्यात शेजारी-शेजारी राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. मध्ये पूल कोणीतरी बांधावा लागतो, आणि ते काम पगार घेऊन करणारी संस्था शाळाच आहे.

हा पूल बांधायला फार सामान लागत नाही. फळ्यावर एक आडवी रेघ काढायची, डाव्या टोकाला त्रेसष्ट, उजव्या टोकाला शंभर. दोनची उडी, पाचची उडी, दहाची, विसाची. उड्यांची बेरीज म्हणजे बाकी. शेजारी तीच वजाबाकी उभी मांडायची आणि मुलांनाच विचारायचं, दोन्हीकडे सदतीसच का येतात? उभी मांडणी टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. मोठ्या संख्यांना आणि पुढच्या बीजगणिताला शिस्तबद्ध मांडणी लागतेच. पण ‘उत्तर बरोबर आहे, रीत चुकली’ म्हणून उड्या मारणाऱ्या मुलाचे गुण कापले जातात, तेव्हा शाळा त्याला शिकवते की डोक्याने केलेलं गणित हे गणित नव्हे.

बाजारातली आणखी एक रीत तर थेट बीजगणितात नेते. त्रेसष्ट झाले, शंभर दिले, आणि दुकानदार किंवा एसटीचा कंडक्टर विचारतो, ‘तीन रुपये सुट्टे आहेत का?’ मूल गोंधळतं. आधीच जास्त दिलेत, वर आणखी तीन कशाला? दिल्यावर चाळीस परत येतात आणि ते आणखी गोंधळतं. इथे थांबून त्याला विचार करू द्यावा. दोन्ही बाजूंना सारखंच वाढवलं तर फरक बदलत नाही, हा नियम सातवीत समीकरणं सोडवताना त्याला पुन्हा भेटणार आहे. तेव्हा तो क्ष आणि य यांच्या वेषात येईल आणि ओळखू येणार नाही. तिसरीत तीन नाण्यांच्या वेषात भेटला असेल तर निदान तोंडओळख तरी असेल.

बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीस हे ‘वीस पाच’ असंही वाचायला सुचवलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांच्यावर भाषा बुडवल्याचे आरोप झाले, विनोद झाले. त्यांची अडचण खरी होती: लिहिताना दशक आधी, बोलताना एकक आधी, आणि याने लहान मुलं अडखळतात. मला वाटतं, त्या वादात दोन्ही बाजू खिशात हात घालायला विसरल्या. नोटा मोजणारा माणूस मोठ्यापासूनच सुरुवात करतो. वीस, तीस, पस्तीस, सदतीस असं मोजत मूल गेलं, की सदतीस या शब्दात तीस कुठे दडलेत हे त्याच्या हातानेच त्याला कळलेलं असतं. जुनं नाव टिकतं आणि अडचणही सुटते.

आता शाळांच्या ‘आनंद बाजारा’बद्दल थोडं बोलायला हवं, कारण हा विषय काढला की शिक्षक अभिमानाने त्याचंच नाव घेतात. हिवाळ्यात जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत तो भरतो. मुलं घरून मेथीच्या जुड्या, बोरं, चिंचा, भेळ, वडापाव घेऊन येतात, पटांगणात रांगोळी, सरपंचांच्या हस्ते फीत, दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात ‘विद्यार्थ्यांनी गिरवले व्यवहाराचे धडे’. कल्पना उत्तमच आहे. पण जवळ जाऊन बघा. सगळ्या वस्तू दहाला. भेळ दहा, जुडी दहा, ताक दहा. गिऱ्हाईक दहा देतं, मुलगी दहा घेते, डब्यात टाकते. कोणी पन्नासची नोट काढली की मागे उभी असलेली आई पुढे होऊन चाळीस मोजून देते. बाजार उठल्यावर डबा घरी जातो आणि वडील मोजतात. ज्या हिशेबासाठी हा खटाटोप केला, तो मुलीने सबंध दिवसात एकदाही केलेला नसतो.

घरीही आपण असेच मागे उभे असतो. मुलांना दुकानात धाडत नाही याला कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत: रस्त्यावरची रहदारी, अनोळखी माणसं, दहा मिनिटांत दारात सामान आणून देणारी ॲप्स. पण यांच्यामागे लपलेलं एक जुनं कारणही असतं. पांढरपेशा घरांत मुलांच्या हाती पैसा देणं कमीपणाचं मानत आले आहेत. ‘पैशाची सवय लागते’ असं म्हणतात. सवय लागायलाच हवी की! पन्नासची नोट देऊन अठ्ठावीस रुपयांचं सामान आणायला सांगा आणि निघण्याआधी विचारा, परत किती येणार? दुकानात नोट देताना ‘पन्नास दिलेत’ असं मोठ्याने म्हणायला शिकवा. पाचशे दिले की शंभर, यावरून होणारी भांडणं मोठी माणसंही हरतात, ती तोंड न उघडल्यामुळे. बाकी काउंटर सोडण्याआधी मोजायची. सुट्टे नाहीत म्हणून दुकानदाराने दोन रुपयांची गोळी हातावर ठेवली, तर ‘नको, पुढच्या वेळी द्या’ असं म्हणता येतं, हेही सांगा. दहाचं नाणं चालणार नाही म्हणाला तर ते चालतं, रिझर्व्ह बँकेने तसं वारंवार स्पष्ट केलेलं आहे, हेही.

‘काका, दोन रुपये कमी आलेत.’ आठ वर्षांच्या मुलाला हे वाक्य बोलायला किती धीर लागतो! आपल्याकडे मोठ्यांची चूक लहानांनी काढायची नसते. गुरुजींची तर नाहीच. काउंटर ही बहुधा एकच जागा आहे, जिथे मूल मोठ्या माणसाला चुकलात म्हणू शकतं आणि मोठा माणूस पुन्हा मोजून ‘हो रे, चुकलंच’ म्हणतो. तिथे वय मोजलं जात नाही, नाणी मोजली जातात.

हिशेब न येणाऱ्याचं काय होतं, हे या भूमीला चांगलं ठाऊक आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्या कागदांवर काय लिहिलंय आणि व्याजाचा आकडा कुठून आला, हे अंगठा उठवणाऱ्या अनेकांना वाचता येत नव्हतं. सात वर्षांनी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. गावातल्या प्राथमिक शाळेत काय शिकवावं हे सांगताना त्यांनी मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाच्या जोडीला हिशेब ठेवला होता. इतिहास, भूगोल, व्याकरण त्याच्यानंतर. आज त्या कर्जखतांची जागा हप्त्यावर मिळणाऱ्या फोनने आणि ॲपवरच्या कर्जाने घेतली आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०१७ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींपुढे पैसे मोजायला ठेवले, तेव्हा ७६ टक्क्यांनी ते बरोबर मोजले. म्हणजे चारातलं जवळपास एक चुकलं. तेही कर्ज घेण्याच्या वयाला टेकलेलं.

तेव्हा मुख्याध्यापकांना एक विनंती. या वर्षीच्या आनंद बाजारात दहा, वीस, पन्नास हे भाव बंद करा. मेथीची जुडी तेराला, ताक सातला, भेळ अठराला ठेवा. आदल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या डब्यात दीडशे रुपयांची मोड मोजून द्या आणि ती त्याच्याच हाताने वहीत लिहून घ्या. पालकांना दोरीच्या बाहेर उभं करा. बाजार उठला की डबा घरी जाऊ देऊ नका. मुलांना वर्गात ओळीने बसवून गल्ला मोजायला लावा, किती आले, किती यायला हवे होते, फरक कुठे पडला ते लिहू द्या. आणि तो कागद गणिताच्या गुणांत धरा.